मावशींच्या हातातली फाइल

हॉस्पिटलात काम करणाऱ्या त्या मावशींचं नाव मी विचारलं नाही. माझ्या भाचीला सव्विसावा आठवडा होता आणि पोटातल्या बाळाचा मेंदू वाढलाच नव्हता. इतक्या उशिरा गर्भपात करायचा तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते, म्हणून आम्ही सरकारी हॉस्पिटलातल्या बाकावर बसलो होतो. समोरच्या दारावर अध्यक्षांची पाटी होती. पदव्या वाचण्यातच बराच वेळ गेला. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ वाटत होतं.

बाकीचे कर्मचारी फायली काखेत मारून चालत. मावशी मात्र भाचीची फाइल कोपराच्या खोबणीत धरून, दुसरा हात खाली लावून, पाय न वाजवता आत घेऊन गेल्या.

त्या परतल्यावर मी विचारलं, "फाइल फार जड आहे का हो?"

"अहो, वीस वर्षं लेबर रूममधून बाळंच बाहेर आणून दिली. हातांना आता दुसरं काही येत नाही."

तासाभराने मावशींना आतून बोलावणं आलं. त्या फाइल तशीच धरून बाहेर आल्या. "परवानगी दिली गं," भाचीला हलकेच म्हणाल्या.

फाइल घ्यायला मी हात पुढे केला होता. पण भाचीने उठून दोन्ही हात पसरले. मावशींनी आधी तिचा कोपर नीट वळवून घेतला आणि मग फाइल दिली.