ज्याची मुळी त्यानं कुटायची

"झोप किती?"

दुकानात कुणी 'मेमरीची पुडी' मागितली, की चाचा चष्मा कपाळावर चढवून आधी हे विचारायचे. गिऱ्हाईक गांगरायचं. आपण औषध मागतोय आणि हा माणूस झोपेची चौकशी करतोय, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर यायचा.

लातूरच्या गोलाईतून, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेतून, आत शिरणाऱ्या एका बोळात चाचांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. बाप-आज्यापासून चालत आलेलं. तुम्ही त्या वर्षांत लातुरात असाल तर त्या बोळातून गेला असालच, कारण पुढं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर आमचा क्लास. बारावीच्या पोरांना मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवायचो. किल्लारीच्या भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. पडलेल्या गावांतली माणसं पत्र्याच्या शेडांतून नव्या घरांत गेली होती, आणि शहरात जो तो आपल्या घरावर मजला चढवत होता, पोरं ठेवायला. उमरीहून, नायगावहून, आमच्या कंधारहून पालक ट्रंका घेऊन उतरायचे. फी भरली, खोली मिळाली, डबा लागला, की उरलेलं एकच काम म्हणजे पोराचं डोकं वाढवणं. ते चाचांकडं यायचं.

एकदा नायगावचे एक गृहस्थ आले. माझ्यासमोरची गोष्ट.

"मेमरीची पुडी द्या. भारीतली."

"झोप किती पोराची?"

"झोपू देतच न्हाई मी. चार तास, लई झालं."

"मंग माझ्याकडं औषध न्हाई," चाचा म्हणाले. "भोकाच्या हंड्यात पाणी भरून काय करता? पहिले हंडा बुजवा. सात तास झोपवा आन् मंग या."

गृहस्थ तणतणत गेले. चाचा शांतपणे वेलदोडे निवडत बसले.

जे सात तासांवर तयार व्हायचे, त्यांनाही पुडी मिळायची नाहीच. चाचा असगंधाच्या अख्ख्या मुळ्या कागदात बांधून द्यायचे. असगंध म्हणजे आपली अश्वगंधा. सोबत अट असायची. पोरानं रोज संध्याकाळी अर्धा तास स्वतः खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची आणि चिमूटभर दुधातून घ्यायची. कुटताना हातात पुस्तक नाही, समोर घड्याळ नाही. "ज्याची मुळी त्यानं कुटायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसऱ्या दुकानांत तयार पूड छान रंगीत डब्यांत मिळत असताना हा मनुष्य गिऱ्हाईक हाकलतोय, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना ऐकवलंही होतं.

मी म्हणजे शास्त्र शिकवणारा. अश्वगंधेचं लॅटिन नाव, कूळ, फुलाची आकृती, सगळं मुखोद्गत. एकदा चाचांनी दोन मुळ्या माझ्यापुढं ठेवल्या आणि यातली असगंध कोणती, असं विचारलं. मी ऐटीत बोट ठेवलं ते नेमकं दुसऱ्या मुळीवर. चाचांनी खरी मुळी मोडून माझ्या नाकाशी धरली. घोड्याच्या अंगाचा वास आला.

"सर, तुमच्या पुस्तकाला वास न्हाई ना," ते म्हणाले. वर चहाही पाजला.

मग आमच्याच घरी वेळ आली. माझी मुलगी बारावीला होती. सरांची मुलगी म्हणून सगळ्यांचं लक्ष. चाचणीत तिला गुण कमी पडू लागले, पाठ केलेलं आठवेना. रात्र रात्र ती छताकडं बघत पडलेली असायची. बायको म्हणाली, चाचांकडं न्या. मी तिला घेऊन गेलो. चाचांनी विचारलं, मुलगी म्हणाली, "पडून असते सात तास. झोप लागत नाही." चाचांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि मुळ्या बांधून दिल्या.

आता माझी अक्कल ऐका. रोज अर्धा तास म्हणजे किमान तीस प्रश्न बुडाले. म्हणून क्लासवरून आल्यावर मी स्वतःच मागच्या अंगणात बसून मुळ्या कुटू लागलो. मुलगी आत पुस्तक घेऊन. आठ दिवस मी इमानेइतबारे कुटलं, गाळलं, दुधात घालून तिला दिलं. तिच्यात काडीचा फरक पडला नाही. मी मात्र उशीला डोकं टेकलं की घोरायला लागायचो, असं बायकोचं म्हणणं.

"चाचा, तुमची असगंध काही कामाची नाही," मी जाऊन सांगितलं.

"हात दाखवा."

मी हात पुढं केला. अंगठ्याखाली टपोरा फोड आला होता.

"तुम्हाला झोप यायलीय ना चांगली?" चाचा म्हणाले. "येणारच. कुटून तुम्ही राहिले."

मी चिडलो. कुटण्यात काय औषध आहे, असं विचारलं. तेव्हा चाचांनी पहिल्यांदा त्यांच्या बहिणीचं सांगितलं. किल्लारीजवळच्या गावात ती दिली होती, आणि ती सगळ्या घरासकट गेली. चाचा महिनोन् महिने तिथल्या शेडांत असगंधाची पूड वाटत फिरले. लोक पूड खायचे आणि तसेच बसून राहायचे. एका म्हातारीनं पूड परत केली आणि अख्ख्या मुळ्या मागितल्या. ती कुटायला बसली, तिच्याभोवती चार बाया बसल्या. कुटता कुटता एक बोलली, मग दुसरी रडली. "त्या दिवशी झोपल्या बघा त्या," चाचा म्हणाले. "मला वाटतं सर, हात गुतले की जीभ सुटती. असगंध आपलं काम करतीच, पण पोटातलं आधी बाहेर याया लागतं."

त्या संध्याकाळी मी बत्ता मुलीच्या हातात दिला आणि शेजारी नुसता बसलो. दोन दिवस ती नुसती कुटत राहिली. तिसऱ्या दिवशी, कुटणं न थांबवता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं,

"बाबा, परत भूकंप झाला तर परीक्षा पुढं जाईल ना?"

मला आधी कळलंच नाही.

"तेव्हा आमची सहामाही झालीच नव्हती," ती म्हणाली. "मी रोज पडल्या पडल्या वाट बघते. होऊ दे म्हणते. मग मला ती मेलेली माणसं आठवतात आणि भीती वाटते, माझ्यामुळं खरंच झाला तर."

ती कुटत होती आणि रडत होती. पोरीला या जागी मीच आणून बसवलं होतं. तीस-तीस प्रश्नांचा हिशेब करत मीच आणलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेलो. ज्याची बहीण भूकंपात गेली त्याला हे सांगायचं म्हणजे लाज वाटत होती, पण दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"बच्चीला सांगा," ते म्हणाले, "मागितल्यानं जमीन हालत न्हाई. आन् नको म्हटल्यानं थांबत बी न्हाई. मी म्हणून बघितलंय."

मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं. एकदम काही बदललं नाही. पण पंधरा-वीस दिवसांत तिची झोप परतली, पाठ केलेलं आठवू लागलं. पेपर तिनं दिले. मेडिकल मिळालं नाही. ती रेशीमशेतीचं शिकली आणि आज त्यातच नोकरी करते. निकालानंतर महिनाभर मी वळसा घालून पलीकडून क्लासला गेलो आणि चाचांचं दुकान टाळलं, हेही कबूल करायला हवं. शेवटी चाचांनीच मला रस्त्यात गाठलं. निकालाबद्दल एक शब्द नाही. "बच्ची हसती का आता?" एवढंच विचारलं.

चाचा गेले तेव्हा मुलगी माहेरी आलेली होती. ऐकल्यावर तीच म्हणाली, आपण त्यांच्या घरी जाऊन येऊ. मला बघून चाचींनी दारातच तिला ओळखलं.

"तू सरांची बच्ची ना? पेपरवाली?"

मुलीनं मान हलवली.

"तुझे पेपर होते तेवढे दिवस अकरा ते दोन दुकान बंद," चाची म्हणाल्या. "इथं अंगणात चटई टाकून बसायचे. न पाणी, न चहा. मी म्हणायची, काय करून राहिले इथं? तर म्हणायचे, पोरीचा पेपर होईस्तोर जमीन धरून बसलोय."

माझी मुलगी तिथंच उंबऱ्याजवळ खाली बसली आणि रडली. मी तिला उठवलं नाही.