नावं ठेवायला शिकलेली जाऊ

माझी धाकटी जाऊ दातांच्या कवळ्या करते. लग्न ठरलं तेव्हा असाही काही धंदा असतो, हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कवळी डॉक्टर देतो, एवढंच ठाऊक. डॉक्टरने पाठवलेल्या ठशावरून कुणीतरी लॅबमध्ये मान मोडून बसतं, प्लास्टरचा साचा ओतून मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवतं, हे तिच्यामुळे कळलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘कवळीवाली’ करून टाकलं. निघालं ते टोमण्यातून, पुढे लाडाचं झालं. आज सासूबाईंच्या तोंडात आहे ती कवळी तिनेच केलेली. पाहुणे आले की त्या अक्रोड फोडून दाखवायची धमकी देतात.

मी एकदा तिच्या लॅबमध्ये डबा द्यायला गेले होते. ती खिडकीच्या उजेडात एक कवळी फिरवून फिरवून बघत होती. मला तर ती देवाने घडवल्यासारखी दिसत होती. तिने मात्र मेण गरम केलं, एक दात उपटला आणि पुन्हा बसवायला घेतला.

“अगं, कुणाला दिसणार आहे?” मी म्हटलं.

“ज्याच्या तोंडात जाईल त्याच्या जिभेला दिसेल ना, ताई.”

कामात अशी. पण लॅबचं दार ओढून बाहेर पडली की हीच बाई निराळी. कुणाच्या घरी चहा पांचट असो, खुर्चीचा पाय डगमगत असो, ही म्हणणार, “छान आहे, छान आहे.” आमच्या स्वयंपाकघरातला ओटा तिला उंच पडायचा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, “नाही हो आई, अगदी बरोबर आहे.” आणि पुढे तीन वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की तोंडात कौतुकच पाहिजे, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. मला माझ्या आईने. तुम्हालाही बहुतेक तुमच्या आईने शिकवलंच असेल.

मग परदेशातल्या एका मोठ्या लॅबला माणसं हवी होती. आता बरंचसं काम यंत्रं करतात म्हणे, पण शेवटचा हात माणसाचाच लागतो. तिने कामाचे नमुने पाठवले आणि तिची निवड झाली. नातेवाईकांच्या पोटात दुखायला लागलं. एक चुलत सासरे भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाले, “बायको विमानाने जाणार आणि तू चूल सांभाळणार?”

भावजी म्हणाले, “चूल कुठली काका, गॅस आहे. आणि स्वयंपाक मला तिच्यापेक्षा बरा येतो.”

ती गेली. भावजी आणि त्यांची मुलगी आमच्याबरोबरच राहिले, कारण घर एकच. पोरगी दुसरीत होती. सगळे तिला ठमी म्हणतो. वर्षभरात तिकडे घर घ्यायचं, मग दोघांना बोलवायचं, असं ठरलं होतं. पण कुटुंब आणायचं तर तिकडचा नियम असा, की आधी स्वतःच्या नावावर लांब मुदतीचं भाड्याचं घर हवं, तेही तीन माणसांना पुरेल एवढं. ती तर लॅबमधल्या दोन बायकांबरोबर एका खोलीत राहत होती. कॉटखाली बॅग, खिडकीत वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकाला पाळ्या.

वर्ष उलटून गेलं, घर काही मिळेना. आणि शाळा सुरू व्हायच्या आत पत्ता दाखवला नाही तर ठमीला प्रवेश मिळणार नव्हता, म्हणजे पुन्हा एक वर्ष. रविवारी फोन लागला की पोरगी “कशी आहेस” वगैरे काही विचारायची नाही. थेट, “आई, घर मिळालं?”

“मिळेल गं राणी.”

“कधी मिळेल?”

यावर तिची आई कॅमेरा दुसरीकडे फिरवायची आणि खिडकीतून दिसणारा रस्ता दाखवायची. मला कळायचं. मी सकाळी देवापुढे बसले की माझ्या मागण्या बाजूला ठेवून एवढंच मागायचे, की हिला एक दार मिळू दे.

घरं ती बघत होती, अगदी पायपीट करून. लॅब सुटली की जायची. एक घर गॅरेजच्या वर होतं, एकाच्या जिन्यात सायकलींची दाटी, एक इतकं उजेडाचं की तिला तिथे कवळ्या करायची इच्छा झाली. प्रत्येक ठिकाणी मालक स्वतः खोलीखोलीतून फिरवायचा. शेवटी दाराशी उभं राहून विचारायचा, “बोला, काय काय खटकलं?” ही हसून म्हणायची, “काहीच नाही. फार सुंदर घर आहे तुमचं.” मग दोन दिवसांनी नकार.

तिला वाटलं, आपण बाहेरच्या म्हणून देत नाहीत. तसंही एकदोन ठिकाणी असेल, नाही असं नाही. एकाने तर हिचा उच्चार ऐकूनच दार अर्धं लावलं होतं. पण बाकीचे तर चांगले हसून बोलले होते. चहासुद्धा विचारला होता.

मग औषधांच्या दुकानावरचं ते घर आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटी गच्ची आणि शाळा समोरच्या गल्लीत. मालकीण म्हणजे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली बाई. आवाज असा, की शेवटच्या बाकावरच्या माणसाने उठून उभं राहावं. तिने घर दाखवलं, दाराशी आली आणि विचारलं, “काय खटकलं?”

“काही नाही. सगळं छान आहे.”

“मग तुला घर देता येणार नाही,” ती तिथल्या तिथे म्हणाली.

आजवर नकार फोनवर यायचा. हा समोर उभा होता. जाऊ म्हणते, “ताई, माझ्या डोळ्यांपुढे ठमी आली. एरवी मी ‘बरं, धन्यवाद’ म्हणून जिना उतरले असते. त्या दिवशी मी विचारलं, का?”

“मोरीतला नळ गळतोय. दिसला नाही?”

“दिसला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं घर आहे. मी कसं बोलू?”

त्या बाईने हिला जिन्याशेजारच्या भिंतीपाशी नेलं. अर्धी भिंत नवी होती. “आधीचा भाडेकरू तुझ्यासारखाच. सगळं छान, सगळं छान. भिंतीत ओल मुरत राहिली, त्याने मला चकार शब्द सांगितला नाही. शेवटी प्लास्टर उतरवून भिंत पुन्हा बांधावी लागली. मी खाली, दुकानामागे राहते. मला वरचं कसं कळणार? वर्षानुवर्षांसाठी घर द्यायचं तर मला बोलणारं माणूस हवं. गोड माणसं दोन दिवसांच्या पाहुणचाराला ठीक असतात.”

आता कुठे तिला कळलं. ‘काय खटकलं’ म्हणजे आपल्याकडे जेवण झाल्यावर ‘काही कमी पडलं नाही ना’ विचारतात, तसं असेल अशी हिची समजूत. म्हणून ही इमानेइतबारे ‘नाही, नाही’ करत आली होती, आणि ते लोक मनात म्हणत होते, ही एक तर आंधळी आहे नाही तर लबाड.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला, रविवार नसताना. तिने सगळं सांगितलं. सासूबाई मागून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“म्हणजे तिकडे घराला नावं ठेवली की घर मिळतं?”

“हो आई.”

“अगं मग मला पाठवायचं होतंस! आतापर्यंत चार बंगले घेऊन दिले असते तुला.”

इकडे आम्ही हसलो, तिकडे ती रडता रडता हसली. मग सासूबाई जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “हे बघ कवळीवाले. माझी कवळी केलीस तेव्हा मला तीनदा खुर्चीत बसवलंस. ‘आई, नीट चावा, कुठे टोचतंय ते खरं सांगा’ म्हणून माझ्यावर खेकसलीस. मी बरं आहे म्हणत होते तरी ऐकलं नाहीस. तेव्हा काय माझा अपमान करत होतीस?”

“नाही हो.”

“मग जा, आणि सांग त्या बाईला कुठे टोचतंय ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरं कुणी घर बघायला येणार होतं. ही सकाळीच, लॅबमधून तासाभराची सुट्टी मागून, औषधांच्या दुकानाशी जाऊन उभी राहिली. मालकिणीने दार उघडलं.

“घर मागायला आले नाही,” ही म्हणाली. “काल मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. ते सांगते आणि कामावर जाते.”

आणि मग, ती म्हणते, जिभेला जे वळण लागलं ते लागलं. मोरीतला नळ गळतो आणि त्याच्याखालची लादी हिरवी पडलीय. मागच्या खोलीची खिडकी फुगलीय, पावसाळी हवेत लागणार नाही. ओट्यावरच्या दिव्याचा उजेड नेमका शेगडीवर पडत नाही, आपलीच सावली भांड्यात येते. गच्चीचं दार आत उघडतं, त्यामुळे तिथे कपाट ठेवताच येत नाही. मालकीण मागोमाग चालत होती, मान डोलवत होती. हे सगळं तिला ठाऊक होतं.

पुढच्या खोलीत आल्यावर ही खाली बघून म्हणाली, “आणि ही फरशी कुणी बसवलीय? उंचसखल आहे. ह्या कोपऱ्यात टेबल डुगडुगणार.”

“मी बसवलीय,” मालकीण म्हणाली. “माझ्या हातांनी. सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून.”

मी तिच्या जागी असते ना, तर म्हटलं असतं, नाही नाही, तशी काही फार नाही, लांबून तर कळतसुद्धा नाही. तीही तेच म्हणणार होती. शब्द ओठापर्यंत आले होते. समोर ती धिप्पाड बाई हातांची घडी घालून उभी. एका वाक्याने सगळं सावरता आलं असतं.

“मग मेहनत पुष्कळ घेतलीय तुम्ही,” जाऊ म्हणाली. “पण उंचसखलच आहे.”

खाली दुकानाची घंटी वाजली. मालकीण वाकली, फरशीवर हात फिरवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. ही विचारायला थांबली नाही. कामाला उशीर होत होता. जिना उतरताना मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, गेलं तर गेलं, खरं बोलून गेलं.

दुपारी ती कुणाच्या तरी खालच्या दाढा बसवत असताना फोन वाजला. हातात मेण, म्हणून शेजारणीने फोन कानाला लावून धरला. पलीकडून तो बसवाला आवाज. आलेल्या माणसांना घर फार सुंदर वाटलं म्हणे, फरशी तर विशेष आवडली. “त्यांना वाटेला लावलं. तीन वर्षांचा करार करते, चालेल? नळ आणि खिडकी मी करून देते. फरशी मात्र तशीच राहील. टेबलाखाली पुठ्ठा घाल.”

“चालेल,” ही म्हणाली, आणि लगेच, “दिव्याचं काय?”

“दिवासुद्धा!” ती बाई फोनवर ओरडली.

हे ऐकून सासूबाईंनी टाळी वाजवली. “दिव्याचं काय, म्हणे! बघितलंत? माझी सून आहे!” ज्या चुलत सासऱ्यांनी चुलीचा टोमणा मारला होता, त्यांना मुद्दाम फोन लावून ही गोष्ट सांगितली, आणि मग पुन्हा एकदा, त्यांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून.

मलाही अभिमान वाटला, का नाही वाटणार? लोक विचारतात, तुमची जाऊ परदेशात गेली, पैसा चांगला असेल. असेल. पण मी सांगते ते वेगळं सांगते. जन्मभर अंगात मुरलेली भीड, जिला आपण संस्कार म्हणतो, ती एका परक्या बाईच्या घरात, एकटीने, आपल्या लेकरासाठी तिने बाजूला ठेवली. कुणाचा पाणउतारा न करता ठेवली. ते मला अजून जमलेलं नाही.

शाळा उघडायच्या आधी भावजी आणि ठमी गेले. निघताना पोरगी आनंदाने नुसती उड्या मारत होती, माझ्याकडे वळूनही बघेना. मी म्हटलं, जाऊ दे, आईकडे निघालीय. घरी आल्यावर तिची उशी उन्हात घातली आणि उगाच बराच वेळ तिथेच उभी राहिले.

शाळेच्या पहिल्या दिवशी तिचा फोन आला. बाई कशा आहेत, बाकावर शेजारी कोण आहे, आई शाळेच्या दारात घंटा होईपर्यंत कशी उभी होती, सगळं एका दमात सांगायचं होतं. मधेच आतून हाक आली.

“काकू, ठेवते हं. आई जेवायला बोलावतेय.”

आणि फोन बंद झाला. दीड वर्ष ही पोर ‘काकू जेवायला बोलावतेय’ म्हणून आईचा फोन ठेवत आली होती, आणि तिकडे ती बिचारी बंद फोनकडे बघत बसत असेल. आज मी बघत बसले. मग उठले, देवाला हात जोडले आणि सासूबाईंना जाऊन सांगितलं, की पोरगी जेवायला बसलीय.