उरलेल्या गोळ्या

मावशी तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. निवृत्तीनंतर घरी बसणं तिला जमेना, म्हणून ती आमच्या केंद्रात आली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींच्या आरोग्याचा अभ्यास. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची. कोण घेतं, कोण सोडतं आणि का, हे आम्ही पाहायचो. मी साहित्य शिकलेला. मुलाखती टाइप करायचो. माझ्या शुद्धलेखनाचं कौतुक एकट्या मावशीला होतं.

दर महिन्याला बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजणं हे तिचं काम. बाटली रिकामी असली की म्हणायची, शाब्बास रे राजा. गोळ्या उरल्या असल्या तर नुसता चेहरा पडायचा.

आमचे आकडे इतके छान होते की अभ्यासातली बाकीची केंद्रं जळायची. मग रक्ताचे अहवाल आले. रिकाम्या बाटल्या आणणाऱ्या निम्म्या मुलांच्या रक्तात औषधच नव्हतं. अभ्यासाच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांत सुधारलं नाही तर केंद्र बंद. म्हणजे सव्वाशे मुलांच्या गोळ्याही बंद.

सलूनमध्ये काम शिकणारा एक होता. एकोणीस वर्षांचा, तोंडाने तिखट. तुझे केस उंदराने कापलेत का, असं मला आल्या आल्या विचारायचा. त्याच्याही रक्तात औषध नव्हतं, म्हणून मावशीने त्याला बसवून घेतलं. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, येण्याआधी उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये सोडतो. बरेच जण सोडतात.

"का रे?"

"तुमचा चेहरा पडतो, मावशी. घरी आईचा रोज पडतो. इथे तरी नको."

मावशीने त्याला चहा हवा का विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला अहवालात एक वाक्य घालायला सांगितलं. मोजणी चुकली ती मोजणाऱ्या बाईमुळे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की अशाने नोकरी जाईल, मुलं खरं सांगत नाहीत एवढं पुरे.

"मुलं खोटं बोलली ती माझं मन राखायला," मावशी म्हणाली. "तेही लिहा."

वाक्य राहिलं. मी चार वर्षं शोकांतिका वाचल्या होत्या. इतक्या लवकर चूक कबूल करणारं त्यांत कोणी भेटलं नव्हतं.

मग मुलं पडद्यामागे स्वतःच गोळ्या मोजू लागली. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, डब्यात टाकायची. मावशी फक्त विचारायची, काय अडतंय? शाब्बास बंद. ते तिला फार जड गेलं. सलूनवाल्याने आपणहून सांगितलं, त्याच्या अकरा गोळ्या उरल्या होत्या. बाटली खुळखुळते, आई विचारते कसला आवाज, म्हणून तो बाटली सलूनमध्येच ठेवायचा आणि सुट्टीच्या किंवा दांडीच्या दिवशी गोळी राहायची. मावशीने बाटलीत कापूस कोंबून दिला. पुढच्या महिन्यात चार उरल्या.

तिसऱ्या महिन्यात त्याच्या रक्तात औषध सापडलं. इतर बहुतेकांच्याही. त्याची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. केंद्राला आणखी दोन वर्षं मिळाली. मावशीलाही.

काल त्याने एक मित्र आणला. मित्र जिन्यातच अडून बसला, वर येईना. मावशीचे गुडघे दुखतात, तरी ती खाली उतरली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तो नाव सांगू लागला.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "गोळी कुठल्या दिवशी राहील असं वाटतं, ते आधी सांग."

मी फॉर्म घेऊन खाली गेलो.