बोटांनी वाचलेलं वजन

फिजीतल्या लंबासा गावाच्या अलीकडे, नदीकाठच्या वजनकाट्यावर चिन्नम्माची खिडकी होती. उसाच्या लॉऱ्या एकामागून एक काट्यावर चढत, आणि खिडकीतून तिचा आवाज येई. आधी आकडा मोठ्याने सांगायचा, मग कागद फाडून हातात द्यायचा, अशी तिथली रीत. रांगेतल्या मागच्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे, म्हणजे भांडण नको. चिन्नम्माचा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत पोचे. रांगेतले सगळेच, फिजियन असोत की हिंदुस्तानी, तिला अक्का म्हणत.

गेले दोन हंगाम तिला आकडे दिसत नव्हते. साखरेच्या आजाराने डोळे हळूहळू धुरकटत गेले. समोरच्या पडद्यावर लाल ठिपका तेवढा कळे. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, कारण सांगण्याची गरज पडत नव्हती. वजनाचे कागद छापायचं तिचं यंत्र जुनं होतं. त्याच्या डोक्यात बारीक टाचण्या होत्या. त्या शाईच्या फितीवर आपटत आणि एकाच दणक्यात खालच्या तिन्ही कागदांवर वजन उतरे. पांढरा ड्रायव्हरचा, गुलाबी ऊसवाल्याचा, पिवळा कचेरीचा. दणका असा, की पांढऱ्या कागदाच्या पाठीवर आकडे उठून येत. चिन्नम्मा तिथून बोट फिरवी. आकडे उलटे असत, पण तिची बोटं सरावली होती. यंत्राच्या करकरीवरून नाव कुठे संपलं, वजन कुठे सुरू झालं, हेही तिला कळे. ड्रायव्हर लॉरीचा नंबर ओरडून सांगत आणि ती न बघता कळा दाबी. टंकलेखन ती तरुणपणी शिकलेली, ते हातात मुरलं होतं.

हंगामाच्या मध्यावर काट्याचा साहेब सेरू नवं यंत्र घेऊन आला.

"अक्का, आता तुझ्या कानाला आराम," तो म्हणाला. "हे कागदाला मारतच नाही. पूड पसरतं आणि भाजून चिकटवतं."

"मग खालच्या कागदावर कसं उमटणार?"

"नाही उमटत. तीन वेगळे कागद छापायचे. जुन्या यंत्राचे थराचे कागद मिळतात कुठे आता?"

पहिला कागद तिने हातात घेतला. तव्यावरून उतरलेल्या रोटीसारखा गरम, आणि पाठपोट गुळगुळीत. तिने दोनदा बोट फिरवलं. कोरा म्हणून दिला असता तरी तिने मानलं असतं.

"घसा बसलाय रे," पुढच्या ड्रायव्हरला ती म्हणाली. "आज तूच वाच. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. पुढच्यानेही वाचलं. कोणी काही विचारलं नाही. विलिसोनी हा फिजियन ड्रायव्हर तेवढा बोलला. त्याची हिंदी तिच्याहून साफ, त्यामुळे टोमणेही साफ.

"घसा बसला तर आमची चंगळ आहे. घरी पण बसतो का?"

"घरी ऐकायला कोण आहे?" चिन्नम्मा म्हणाली. नवरा गेल्यापासून घरी रेडिओच होता.

विलिसोनीच्या वेळी यंत्र गप्प राहिलं. छापतंय की झोपलंय, तिला कळेना. तिने कळ पुन्हा दाबली. मग कागद आले, तिने चाचपून तीन दिले, आणि तो गेला.

त्याच्यामागे जलाल होता. तिने कळ दाबली, थोडं थांबली, यंत्राच्या खणातून तीन कागद उचलून बाहेर सरकवले.

जलाल वाचायला लागला आणि थांबला. मग खिडकीत वाकला. आवाज एवढा हलका, की मागच्यांना कळू नये.

"अक्का, हा विलिसोनीचा ऊस आहे. दोनदा छापलाय."

तिचे हात खणात गेले. कागद होते. सगळे सारखेच होते.

"माझे उरलेत त्यात," जलाल म्हणाला. "गरम असतील ते."

ते गरम होते. तिने ते त्याला दिले. तो ते घेऊन लॉरीवर चढला.

मग ती गरम कागद शोधून देऊ लागली. दुपारपर्यंत जमलं. दुपारी ऊन खिडकीतून थेट खणात उतरलं आणि सगळेच कागद तापले. मागचा आणि पुढचा यांत काही फरक उरेना. ती खुर्चीत टेकली. डोकं जड झालं होतं, खांदे दुखत होते. जलालने वाचलं म्हणून कळलं. एखादा न वाचता निघून गेला असता तर? वर्षभर राबलेल्या माणसाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढला असता. बोटांवर विसंबली तेव्हा ती कोणाला फसवत नव्हती. आता फसवू लागली होती.

रांग ओसरल्यावर ती भिंतीला धरत सेरूच्या खोलीत गेली.

"सेरू, मला आकडे दिसत नाहीत."

"चष्मा बदल ना, अक्का."

"चष्म्याचं काम नाही राहिलं ते."

सेरूने पेला खाली ठेवला. "कधीपासून?"

"तू इथे आलास त्याच्या आधीपासून."

"म्हणजे मला तू कधी पाहिलंच नाहीस?"

"बरं झालं. आवाजावरून देखणा वाटतोस."

तो हसला, पण थोडंच. मग म्हणाला, "जुनं यंत्र परत लावून दिलं असतं. पण कागदच येत नाहीत."

"ठाऊक आहे. उद्या दुसऱ्या कोणाला बसव. त्याला सांग, मोठ्याने बोलायचं."

"आणि तू?"

"मी झोपणार. दोन वर्षं डोळे असल्याचं सोंग केलंय. डोळे असण्यापेक्षा जास्त दमवतं ते."

फाटकापाशी जलाल रिकामी लॉरी घेऊन उभा होता. रोज ती बस पकडायची. बसचा नंबर दिसत नसे, म्हणून आधी दुसऱ्या कोणाला तरी चढू द्यायची आणि त्याच्या मागे जायची. आज तेवढंही त्राण नव्हतं.

"सोडतो घरापर्यंत," जलाल म्हणाला. "ये."

ती लॉरीच्या दारापाशी आली. नेहमीची चिन्नम्मा असती तर पदर खोचून, काही दिसतंय अशा थाटात तिने पाय उचलला असता. ती थांबली आणि तिने हात पुढे केला.

"पायरी कुठे आहे ते सांग रे," ती म्हणाली.