डावीकडची स्प्रिंग

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचे मागचे दोन्ही शॉकअप मी अंगणात उघडले आणि त्यांच्या स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. डावीकडची बोटभर बुटकी निघाली. क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, ही आई. साडीमुळे ती कायम डावीकडे पाय सोडून बसायची. तिला जाऊन वर्ष झालं, तिचा भार मात्र लोखंडात तसाच राहिला होता.

मी दोन्ही नव्या बसवल्या. सीट दाबून पाहिली, तर गाडी एकदाच वर आली आणि शांत झाली. काम चोख झालं होतं, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इतकी वर्षं त्या झुकत्या गाडीला सावरायला बाबा नकळत उजवीकडे कलत आले असणार. आता गाडी सरळ झाली, पण ते? या वयात अंगाची सवय कुठल्या पान्याने सोडवायची?

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो रे," म्हणत त्यांनी किक मारली. मी फाटक धरून उभा राहिलो. त्यांनी गिअर टाकला, पण गाडी हलेना. क्लच दाबून, मान किंचित डावीकडे वळवून ते थांबले होते. निघताना ते नेहमी "बसलीस का?" विचारायचे आणि आई "हं, चला" म्हणायची. आज त्यांनी विचारलं नव्हतं, वाट मात्र उत्तराचीच पाहत होते.

मी धावत जाऊन मागे बसलो, दोन्ही पाय डावीकडे सोडून.

"हं, चला."