ताईनं पास केलेला फॉर्म

माझं काम ऐकलं की लोक हसतात. दवाखान्यांचे, कचेऱ्यांचे फॉर्म वाचायला किती अवघड आहेत, ते मी मोजतो. वाक्यं मोजायची, लांबलचक शब्द मोजायचे, आकडेमोड करायची आणि शेरा मारायचा: ‘पाचवी शिकलेल्याला कळेल.’ शेवटी कमी शिकलेल्या तिघांना फॉर्म वाचायला द्यायचा आणि काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावायचं. नियमच आहे तसा.

डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म आला तेव्हा दोघं मिळाले, तिसरं माणूस काही केल्या मिळेना. म्हणून घरी ताईला दिला. चौथीत शाळा सोडून ताई शिलाई मशीनवर बसली, ती माझं शिक्षण होईपर्यंत उठली नाही. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला. मला घाई होती. मी एवढंच विचारलं, “समजलं ना गं?”

“हो की. अगदी सोपं लिहिलंय.”

मी तिसऱ्या चौकटीत टिक केली. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर हवेत होतो.

सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यात ताईच्याच मोतीबिंदूची तारीख लागली. तोवर सुई ओवायलाही तिला शेजारीण लागत होती. ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत गेलो. दवाखान्यानं आधीच दिलेली थेंबांची बाटली ताईनं पिशवीतून काढली. नर्सनं ती हातात घेतली, तर सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

“मावशी, तीन दिवस आधीपासून घालायचे होते हे! फॉर्मवर छापलंय की. वाचता येत नाही का?”

“चुकलं माझं. मला वाटलं, ऑपरेशन झाल्यावर घालायचे.”

पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

नर्सच्या हातात माझाच फॉर्म होता. ‘शस्त्रक्रियापूर्व’ हा शब्द मी लांब शब्दांत एक म्हणून मोजला होता आणि पुढे गेलो होतो. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी मात्र भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा राहिलो. इतकी लाज मला आजवर कशाचीच वाटली नव्हती.

घरी आल्यावर तिच्यावरच डाफरलो, “कळलं नव्हतं तर तेव्हा हो कशाला म्हणालीस?”

“तू उभ्या उभ्या विचारलंस. शिकलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं?” ताई मशीनवर कव्हर चढवत होती. “आणि नर्सपुढे मी तुझं नाव काढलं नाही. वाटलं, तू स्वतःच सांगशील.”