कॅसेटमधली मोकळी जागा

खुशाल निमगडे गिटार घेऊन चामोर्शीच्या बाजारात पहिल्यांदा पाय झटकत गाऊ लागला, तेव्हा त्याची आई अंजनाबाई वांग्यांच्या ढिगामागून ओरडली, ‘‘गाऊन राह्यला का मुंग्या झटकून राह्यला रे?’’ बाजार हसला. खुशाल गात राहिला.

रॉक अँड रोल त्याला बल्लारशाच्या मालधक्क्यावर हमाली करताना भेटलं. एका रेल्वे गार्डकडे इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या होत्या. शब्द कळत नसत, ठेका कळे. बदली झाली तेव्हा गार्डने जुनी गिटार खुशालला दिली. त्या ठेक्यावर खुशालने धानाच्या रोवणीची, चिखलाची, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या भांडणांची गाणी झाडीबोलीत रचली आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दोन जोड्या सुटण्याच्या मधल्या वेळात तो ती गाऊ लागला.

पटात गाणं सलग होत नाही. एक कडवं झालं की गायक थांबतो, माईकवाला पटाला बक्षीस देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो, मग दुसरं कडवं. पट उठला की गायकही विसरला जातो. म्हणून खुशालला कॅसेट हवी होती.

चंद्रपूरचा कॅसेटवाला श्रीहरी १९८६च्या उन्हाळ्यात तयार झाला. अट एकच: ही खपली तर दुसरी, नाहीतर गाणं बंद. जागा ठरली धानोऱ्याचं तेंदूपत्त्याचं गोदाम. पोत्यांच्या थप्प्यांमुळे आत आवाज घुमत नव्हता. दुपारनंतर ट्रक पोती उचलणार होते.

पहिलं कडवं उत्तम झालं. मग खुशाल थांबला. ढोलकीवाला झिंगूही थांबला. टेप फिरत होती. थोड्या वेळाने दोघांनी दुसरं कडवं धरलं. सगळ्या गाण्यांत हेच झालं. श्रीहरीला वाटलं, ही यांची गाण्याची रीतच असेल. टेप परत ऐकताना मात्र तो चिडला.

‘‘मधात काऊन थांबला बे?’’

‘‘नाव पुकारतेत ना.’’

‘‘कोन पुकारते इथी? हे पोते?’’

पुन्हा गायला वेळ नव्हता. बाहेर ट्रक लागला होता. श्रीहरीने तशाच थोड्या प्रती काढल्या, त्या खपल्या नाहीत. खुशाल मालधक्क्यावर परतला. गिटार आईच्या घरी खुंटीला लागली.

हिवाळ्यात श्रीहरी स्वतः मालधक्क्यावर आला.

‘‘गोंडपिपरीचा लाउडस्पीकरवाला देवराव तुयी कॅसेट मांगून राह्यला. पटात लावते. मधात गानं थांबलं का बक्षीसवाल्याचं नाव पुकारते. टेप बंद कराची गरजच नाई. बाकीचे माईकवालेही मांगून राह्यले. दुसरी करू. पन जागा सोडजो.’’

खुशालने पोतं खाली ठेवलं. ‘‘एक गानं सलग गाईन.’’

‘‘कोन घेईन सलग?’’

‘‘एकच.’’

‘‘शेवटी टाक मंग.’’

दुसरी कॅसेट पुढच्या वर्षी निघाली. गोंडपिपरीच्या पटात देवरावने ती लावली. शेवटच्या गाण्याचं पहिलं कडवं संपताच सवयीने त्याने माईक तोंडाशी नेला. ‘‘बक्षीस देनार...’’ एवढं म्हणेपर्यंत खुशाल दुसऱ्या कडव्यात शिरला होता. बक्षीसवाला खालून ओरडला, ‘‘देवरावभाऊ, थांब ना! त्याले गाऊ दे.’’

देवरावने माईक खाली ठेवला.